थोरल्यांच्या रोषणाईची फाइल

धाकटे जेव्हा म्हणाले की यंदाची रोषणाई मी करणार, तेव्हा त्यांच्या बायकोने हातातली इस्त्री उभी केली आणि विचारलं, "तुम्ही?"

एवढंच विचारलं. पण जन्मभराच्या संसारात मुरलेलं 'तुम्ही?' होतं ते. बाथरूममधला दिवा बदलताना धाकट्यांनी एकदा सगळ्या घराचा फ्यूज उडवला होता. तेव्हापासून घरात नियमच झाला होता की बटण सोडून विजेच्या कुठल्याही वस्तूला यांनी हात लावायचा नाही, आणि बटणालासुद्धा कोरड्या हातानेच लावायचा.

"मीच," धाकटे म्हणाले. "भाऊ कोणाचा आहे मी?"

साठी उलटलेल्या, विमा कंपनीच्या दप्तरखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाला धाकटे म्हणणं बरं दिसत नाही, हे मान्य. पण ज्याचा थोरला भाऊ त्याच घराच्या तळमजल्यावर राहतो, तो गल्लीच्या लेखी मरेपर्यंत धाकटाच. थोरले टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात हयात घालवलेले. निवृत्त झाल्यावर तारांशिवाय करमेना, म्हणून त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक गॅलरीला दिव्यांच्या माळा बांधल्या, प्रत्येक गॅलरीत एक पेटी ठोकली, सगळ्या पेट्या आपल्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि वर्षअखेरच्या सुट्ट्यांत एका संध्याकाळी सगळी गल्ली गाण्याच्या तालावर नाचवली. तेव्हापासून दर वर्षी. गाणं दर वर्षी नवीन, आणि कुठलं ते आदल्या क्षणापर्यंत गुपित. वहिनींनासुद्धा सांगत नसत. वहिनी म्हणत, "माझ्याशी लग्न ठरवताना एवढं गुप्त ठेवलं असतं, तर मी आज कुठे असते."

आणि या उन्हाळ्याच्या तोंडावर थोरल्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एकच मागे राहिला: बरोबर.

चहा हवा का? बरोबर. नको का? बरोबर. पाय दुखतोय? बरोबर. डोळ्यांत पाणी आणून, कपाळाला आठ्या घालून, डावी मूठ खुर्चीवर आपटून, काहीतरी वेगळंच सांगायचं असायचं, आणि तोंडातून बाहेर पडायचं बरोबर. पहिल्या दिवसांत गल्लीतली माणसं भेटायला यायची आणि खूश होऊन जायची, कारण इतकं त्यांच्या मताशी सहमत होणारं माणूस त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं. धाकट्यांना मात्र ते ऐकवत नसे. या भावाने लहानपणापासून त्यांच्या एकाही गोष्टीला बरोबर म्हटलं नव्हतं. अक्षर चूक, छत्री धरण्याची पद्धत चूक, चहात साखर घालायची वेळ चूक. रोज संध्याकाळी खालच्या पायरीवर बसून दोघे भाऊ तावातावाने भांडत, आणि भांडण झालं नाही त्या दिवशी धाकट्यांना झोप येत नसे. आता ते पायरीवर बसून मुद्दाम काहीतरी बिनडोक बोलत, "दादा, पृथ्वी सपाट आहे असं माझं मत झालंय," आणि थोरले म्हणत, बरोबर. मग धाकटे चप्पल घालून उगाच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत.

डॉक्टर म्हणाले होते, "मनाला हलवणारं काही घडलं, तर कधीकधी शब्द परत येतात. कधीकधी नाही येत." धाकट्यांनी यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं डॉक्टरांकडेच ठेवलं. दादाने झटका यायच्या आधी यंदाच्या रोषणाईवर दिवसच्या दिवस घालवले होते. ती पुरी झाली होती, असं वहिनी शपथेवर सांगत होत्या. आपण केलेले दिवे आपल्यासमोर लागलेले पाहिले की दादा बोलेल, अशी धाकट्यांच्या मनाने गाठच बांधली.

बायकोने इस्त्री पुन्हा हातात घेतली. "आणि दिवे लागले आणि दादा नाही बोलले तर?" तिने हळूच विचारलं.

"तू आधीच अपशकुन करू नकोस," धाकटे म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले.

पहिली अडचण म्हणजे थोरल्यांचा कॉम्प्युटर. तो मधल्या काळात कुरकुरायला लागला म्हणून वहिनींनी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे दिला होता, आणि त्याने तो 'साफ करून' परत केला होता. साफ म्हणजे इतका साफ, की त्यात थोरल्यांचं नखसुद्धा उरलं नव्हतं. कॉम्प्युटरवाला स्वभावाने गोड. कुठल्याही संकटावर त्याचं एकच उत्तर, "होऊन जाईल काका."

"काय होऊन जाईल? सगळं होऊन गेलंय!" धाकटे ओरडले.

"मग शांत व्हा ना काका. गेलेल्यावर ओरडून काय?"

नशीब असं, की वहिनींच्या सुईदोऱ्याच्या डब्यात एक पेनड्राइव्ह सापडला. त्यात एकच फाइल होती आणि तिचं नाव होतं, 'शेवटचं नवीन खरंच शेवटचं'. धाकट्यांनी ते नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मग फाइलवर टिचकी मारली. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाइल कशाने उघडायची ते मला माहीत नाही.

झालं! ही बातमी गल्लीत पसरायला दूध उतू जायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ज्यांना स्वतःच्या फोनवर आलेला फोटो मोठा करता येत नव्हता, ते सगळे फाइलतज्ज्ञ होऊन दारात उभे राहिले. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "फाइलच्या नावाची शेपटी बदला, उघडते की नाही बघा." धाकट्यांनी शेपटी बदलली. फाइल चित्र म्हणून उघडली आणि पडद्यावर राखाडी मुंग्या दिसल्या. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "काहीतरी आहे खरं यात." दाताच्या एक्स-रेबद्दलही ते नेमकं असंच म्हणतात. गल्लीच्या समितीच्या चेअरमनसाहेबांनी सांगितलं की पेनड्राइव्ह तापला की अडतो, तो थंड करावा. दुसऱ्या दिवशी धाकट्यांच्या बायकोला फ्रिजमध्ये दुधाच्या भांड्याशेजारी पेनड्राइव्ह मिळाला. तो वाटीत घालून, वर झाकण ठेवून, तिने नवऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवला. पलीकडच्या घरातल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "मनापासून हाक मारली की सगळं उघडतं." या सल्ल्यावर काय करायचं ते धाकट्यांना कळेना, पण कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी एकदा मारली. उगाच मनात रुखरुख नको.

शेवटी कॉम्प्युटरवाल्यानेच शोध लावला. थोरल्यांचा प्रोग्रॅम जुना, तो काढणाऱ्यांनी तो बंद करून नवा काढलेला. जुनी फाइल नव्या प्रोग्रॅमात न्यायची तर आधी बदलून घ्यावी लागणार, म्हणजे जुन्या घरातलं कपाट नव्या घराच्या अरुंद दारातून आत नेण्यातला प्रकार. आणि बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम कंपनी फक्त जुन्या गिऱ्हाइकालाच देणार. धाकट्यांनी फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली.

"खातं कोणाच्या नावावर आहे, सर?"

"माझ्या दादाच्या."

"मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"त्याला बोलता येत नाही."

"काही हरकत नाही सर, मी थांबते."

धाकट्यांनी कपाळावर हात मारला आणि फोन थोरल्यांच्या कानाला लावला.

"आपण स्वतः खातेधारक बोलताय ना?"

"बरोबर," थोरले म्हणाले.

"धन्यवाद सर. आपली जन्मतारीख?"

"बरोबर."

"नाही सर, जन्मतारीख."

"बरोबर!" थोरल्यांचा आवाज चढला. त्यांना ती माहीत होती. चेहऱ्यावर लिहिलेली होती म्हणाना. मान ताठ झाली, ओठ जुळले, घाम फुटला, आणि पुन्हा तोच शब्द. धाकट्यांनी बाजूने तारीख कुजबुजली.

"सर, मागून कोणीतरी सांगतंय ते मला ऐकू येतंय. असं चालत नाही."

धाकट्यांच्या अंगातला हेडक्लार्क जागा झाला. "बाई, मी हयातभर विम्याची कागदपत्रं तपासली आहेत! माणूस जिवंत असल्याचा दाखला मागितलाय मी लोकांकडे, पण तोही असा..." आणि मग ते मध्येच थांबले, कारण आपण तो कसा मागत होतो ते त्यांना आठवलं. थोरले भिंतीकडे तोंड फिरवून बसले होते आणि त्यांचा खांदा हलत होता. वहिनींनी फोन काढून घेतला, स्वयंपाकघरात नेला, आणि काय झालं ते सरळ, साध्या शब्दांत सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "काकू, मी जन्मतारीख विचारली आणि तुम्ही सांगितलीत, असं मी लिहिते."

बदलणारा प्रोग्रॅम आला. पहिल्या प्रयत्नात पडद्यावर सगळी रोषणाई दुप्पट वेगाने धावली आणि मागे कोणी लागल्यासारखी संपून गेली. दुसऱ्या वेळी वेग जमला, तर रंग उलटे झाले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, होऊन जाईल, आणि काय नवल, तिसऱ्या वेळी खरंच झालं. पडद्यावर आडव्या ओळी उमटल्या, प्रत्येक ओळीला थोरल्यांनी दिलेला पेटीचा आकडा, आणि ओळींमध्ये कुठे लांब, कुठे आखूड रंगीत पट्ट्या. कुठली पेटी कोणाच्या गॅलरीत ते फक्त थोरल्यांना ठाऊक. तरीही धाकट्यांना त्या पट्ट्या बघून भरून आलं. दादाने एकेक पट्टी हाताने ओढून ठेवली होती, आणि तो हात आता मांडीवर नुसता पडून असे.

पण पट्ट्यांच्या वर लाल अक्षरं होती. आवाज सापडत नाही. फाइलमध्ये दिवे होते, गाणं नव्हतं. गाणं वेगळं, जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि तो तर साफ झाला होता.

"कुठलं गाणं होतं, दादा?" धाकट्यांनी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

मग सुरू झाला तो गाणं शोधायचा सोहळा. पट्ट्यांवर जे गाणं चपखल बसेल ते खरं, असं ठरलं, आणि गल्लीतला जो तो आपापलं गाणं घेऊन थोरल्यांच्या खोलीत यायला लागला. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात दिवसभर वाजणारी बासरी आणली. ती लावली की गल्लीतल्या निम्म्या लोकांचा हात आपोआप गालावर जाई. चेअरमनसाहेबांनी परेडचा बँड आणला. गाण्याच्या बाईंनी काही आणलं नाही, त्यांनी स्वतःच बैठक मारली आणि स्वतः बांधलेलं गाणं आलाप-तानांसह गायला सुरुवात केली. एकही गाणं बसेना. पट्ट्या कुठे तालात नव्हत्याच. एक ओळ लागायची, बराच वेळ लागून राहायची, विझायची, मग भलतीच कुठली तरी. मध्येच एका ठिकाणी सगळ्या ओळी एकदम भुरभुर लुकलुकायच्या, आणि पुन्हा शांत.

"यात ताल नाहीच," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"दादाच्या रोषणाईत ताल नाही म्हणतोस?" धाकटे कडाडले. "तुझ्या डोक्यात नाही!"

शेवटचा निवाडा अर्थातच थोरल्यांचा. डॉक्टरांनी विचारलं, "हीच बासरी ना?" थोरले म्हणाले, "बरोबर." चेअरमनसाहेबांनी विचारलं, "हाच बँड?" "बरोबर." बाईंनी तर डोळे मिटून, हात जोडून विचारलं आणि त्यांनाही मिळालं. झालं, तिघांनीही आपापलं बरोबर उराशी धरलं आणि गल्लीत तीन तट पडले. डॉक्टर चेअरमनसाहेबांशी बोलेनात. बाईंनी सांगून टाकलं की बँड लागला तर मी खिडकी लावून घेईन, आणि चेअरमनसाहेबांच्या घरून निरोप आला की लावाच, कायमची लावा.

भरीस भर म्हणून परवानगी. आधीच घोडं अडलेलं, त्यात समितीचा नियम असा, की गॅलऱ्यांमधल्या पेट्या जोडायच्या तर अर्ज रोषणाईप्रमुखाचा हवा. ठरावात रोषणाईप्रमुख म्हणून थोरल्यांचं नाव. परवानगी मिळेपर्यंत एका माळेवरसुद्धा चाचणी घ्यायची नाही. धाकट्यांनी अर्ज लिहिला. अक्षर असं की दप्तरखान्याने चौकटीत लावावं. थोरल्यांचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. समिती घरी आली.

"ठसा चालेल," चेअरमनसाहेब म्हणाले, "पण तो अर्जदाराने राजीखुशीने दिला, हे अर्जदाराने तोंडी सांगायला हवं. थोरले, तुम्ही राजीखुशीने दिलात?"

"बरोबर."

धाकट्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. पण चेअरमनसाहेब रीतीचे पक्के. त्यांनी नेहमीच्या ठेक्यात पुढचं विचारून टाकलं, "या अर्जाला कोणाची काही हरकत?"

"बरोबर," थोरले म्हणाले.

मग चेअरमनसाहेबांनी खिन्नपणे नोंद केली की अर्जाला स्वतः अर्जदारानेच हरकत घेतली आहे, सबब विषय पुढच्या सभेत. धाकट्यांनी हात जोडले, आवाज चढवला, नियमांचा कीस काढला, पण पालथ्या घड्यावर पाणी! हरकत मागे घ्यायची तर तीही अर्जदारानेच घ्यायला हवी, आणि थोरल्यांना काहीही विचारायची आता समितीलाच भीती वाटायला लागली होती. अखेर वहिनीच समितीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या कोणास ठाऊक, पण रोषणाईच्या दिवशी दुपारी परवानगी आली. आता चाचणीला वेळच नव्हता. कॉम्प्युटरवाल्याने धावतपळत सगळ्या पेट्या जोडल्या आणि म्हणाला, होऊन जाईल.

संध्याकाळी सगळी गल्ली रस्त्यावर आली. खुर्च्या मांडल्या गेल्या, तीनही तट आपापल्या बाजूला बसले. कुठल्याही एका गाण्यावर मिटेना म्हणून रोषणाई मुकीच लावायची ठरली होती. थोरल्यांना वहिनींनी शाल पांघरून, खुर्चीत बसवून मधोमध आणलं. धाकटे शेजारी उभे राहिले. त्यांची नजर दिव्यांवर नव्हती, दादाच्या तोंडावर होती. कॉम्प्युटरवाल्याने बटण दाबलं.

पहिल्यांदा सगळी गल्ली मंद उजळली आणि हळूहळू विझली. मग चेअरमनसाहेबांची गॅलरी लागली. एकटीच. सगळे वाट बघत राहिले. मग एकाएकी साऱ्या गॅलऱ्या लुकलुकल्या आणि अंधार. मग डॉक्टरांची गॅलरी, तीही एकटीच, बराच वेळ. कोणीतरी म्हणालं, "बिघडलं वाटतं." मागून कोणीतरी हसलं. एकेक करून दोन-चार गॅलऱ्या लागल्या, विझल्या, शेवटी वर कुठेतरी एक माळ लागली आणि खेळ संपला. टाळीसुद्धा पडली नाही.

थोरले समोर बघत बसले होते. बोलले नाहीत. नेहमीचा शब्दही नाही.

एवढे दिवस, एवढे हेलपाटे, एवढी मानहानी, आणि शेवटी दादाची रोषणाई आपण बदलता बदलता मोडून टाकली, याबद्दल धाकट्यांना शंका राहिली नाही. लोक खुर्च्या उचलायला लागले. बायको जवळ आली आणि त्यांच्या कोपराला धरून म्हणाली, "अहो, असं उठू देऊ नका त्यांना. पुन्हा लावायला सांगा, आणि तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"दर वर्षी बोलता तेच."

दर वर्षी रोषणाईच्या आधी धाकट्यांचं आभारप्रदर्शन असे. ते त्यांच्या हक्काचं होतं. दप्तरखान्यात शिकलेलं, एका शब्दाचाही फरक न होणारं. त्यांनी माइक हातात घेतला, कॉम्प्युटरवाल्याला खूण केली आणि घसा खाकरला.

"उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो. आभार हा शब्द फार लहान आहे, आणि मी तर त्याहून लहान. म्हणजे धाकटाच." गल्ली मंद उजळली आणि हळूहळू विझली. "तरीही प्रथम आभार आपल्या चेअरमनसाहेबांचे."

चेअरमनसाहेबांची गॅलरी लागली.

"त्यांनी रोषणाईला परवानगी दिली. उशिरा दिली, पण दिली."

इथे धाकटे दर वर्षी थांबत. हा त्यांचा विनोद होता, आणि इतक्या वर्षांत त्याला कोणी हसलं नव्हतं. ते सवयीने थांबले. आणि गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या एकदम लुकलुकल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्यासारख्या.

धाकट्यांनी वळून दादाकडे पाहिलं. "डॉक्टरसाहेबांचे आभार," ते कसेबसे म्हणाले, "ज्यांनी दवाखान्यातून वीज दिली," आणि डॉक्टरांची गॅलरी लागलेलीच होती.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या, "गेल्या वर्षी ह्यांनी तुमचं बोलणं टेप केलं होतं. मला वाटलं, तुमची टिंगल करायला."

टिंगल होतीच ती. ही फाइल त्या टेपसकट वाजली असती तर गल्ली पोट धरधरून हसली असती, आणि धाकटे चार दिवस दादाशी बोलले नसते. पण त्यासाठी दादाने त्यांचं सगळं बोलणं कितीदा ऐकलं असेल! कुठे घसा खाकरतात, कुठे श्वास घेतात, कुठे हशाची वाट बघतात. जन्मभर 'तुझं बोलणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल' म्हणणारा माणूस ते शब्दन् शब्द ऐकत बसला होता.

धाकट्यांना पुढे बोलवेना. दिवे मात्र थांबायला तयार नव्हते, ते गेल्या वर्षीच्या धाकट्यांच्या वेगाने पुढे निघाले होते. बाईंची गॅलरी लागली आणि तिला आभार मिळेनात. तेव्हा खुर्चीतून बाईच उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "गाण्याच्या बाईंचे आभार, ज्यांनी आजच्या संध्याकाळपुरता रियाज बंद ठेवला." पुढची गॅलरी लागली तेव्हा डॉक्टर आणि चेअरमनसाहेब एका सुरात बोलले. आणि मग सगळी गल्लीच बोलायला लागली. सगळ्यांना पाठ होतं ते. इतकी वर्षं जांभया देऊन देऊन पाठ झालं होतं. लहान आवाज, म्हातारे आवाज, सगळे धाकट्यांच्याच ठेक्यात, त्यांच्याच जागी थांबत, त्यांचंच भाषण म्हणत होते, आणि दिवे एकेका दारात जाऊन आभार मानत होते. दुसऱ्या कुठल्या वेळी हे ऐकून धाकट्यांनी जन्माचा अपमान मानला असता. ते नुसते माइक छातीशी धरून रडत होते.

"आणि सर्वात शेवटी," गल्ली म्हणाली, "माझे थोरले बंधू. त्यांचे आभार मी मानणार नाही. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात."

सगळ्यांनी थोरल्यांच्या तळमजल्याकडे पाहिलं. तिथे अंधार होता. दिवा लागला तो वरच्या मजल्यावर, धाकट्यांच्या खिडकीत. तिथली माळ सावकाश उजळली आणि लागून राहिली.

धाकटे दादासमोर गुडघ्यांवर बसले. "गाढवा," ते म्हणाले. मोठ्या भावाला त्यांनी जन्मात अशी हाक मारली नव्हती. "हे तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला? तेव्हा येत होतं ना बोलता? रोज तर भांडायचास पायरीवर!"

थोरल्यांचे ओठ हलले. पुन्हा हलले. काहीच आलं नाही. आणि धाकट्यांना कळलं, की दादा आता बोलायचा नाही. दिवे लागूनही नाही, कधीच नाही. जे सांगायचं होतं ते त्याने बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. बोलायचं राहिलं होतं ते आपलं. आपल्याला तर अजून बोलता येतं, या विचाराने त्यांनी घाईघाईने तोंड उघडलं. गल्ली वाट बघत होती, वहिनी वाट बघत होत्या, माइक चालूच होता. जन्मभर दुसऱ्यांचे आभार मानलेल्या त्या माणसाला एक शब्द सापडेना. त्यांनी दादाचा पडून राहिलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दादा वरच्या खिडकीकडे बघत असताना ते तसेच त्याच्या पायाशी बसून राहिले.